वस्त्र ल्यालेली तसबीर : जुना कागद, गवसलेल्या वस्तू आणि घरगुती कोलाज

सारांश

कोलाज या कलाप्रकाराचा आरंभ १९१२ सालच्या पॅरिसमध्ये झाला, असे कलेतिहासाची पाठ्यपुस्तके सांगतात. त्यापूर्वीपासून आणि त्यानंतरही भारतातील घरांतून छापील देवचित्रांवर कापड, जर, टिकल्या व मणी लावून तसबिरी सजविल्या जात होत्या. या तसबिरींची गणना भक्तीच्या हौसेत झाली. कलाकृती म्हणून त्यांची समीक्षा क्वचितच झाली. बोर घाटाच्या माथ्यावरील रविवर्मा छापखान्याच्या चित्रांच्या आधारे या वस्त्रालंकृत तसबिरींच्या रचनेची चिकित्सा करणे आणि तीतून हाती येणारा निकष आजच्या, जुन्या कागदावर आधारलेल्या संमिश्र माध्यमाच्या कलेला लावून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. घाटपायथ्याच्या कर्जत व खालापूर तालुक्यांच्या संदर्भात हा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही. तो दस्तऐवजाचाही होतो.

बीजशब्द : कोलाज, संमिश्र माध्यम, शिळाछाप चित्र, रविवर्मा छापखाना, जिवती, मोडी कागद, कर्जत, खालापूर.

प्रस्तावना

कर्जत व खालापूर हे रायगड जिल्ह्याचे दोन तालुके समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले आहेत. १८५६ साली लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला आणि १८६३ साली तो बोर घाट चढून पुण्याच्या बाजूस जोडला गेला. घाटमाथ्यावर, लोणावळ्याच्या पलीकडे, मळवली हे लहानसे स्थानक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत प्लेगची साथ पसरली असता राजा रविवर्मा यांचा छापखाना या मळवलीस हलविण्यात आला. तेथून मुंबईकडे जाणारा रेल्वेमाल घाट उतरून कर्जतमार्गेच जाई. भारतीय घरांच्या भिंतींवर लक्ष्मी-सरस्वतीचे जे रूप स्थिरावले, त्याच्या प्रसाराचा एक मार्ग असा या प्रदेशातून गेला आहे.

रविवर्म्यांच्या चित्रांविषयी विपुल लेखन झाले आहे. त्यांची शैली, तीवरील पाश्चात्य तैलचित्रणाचा प्रभाव, राष्ट्रीय प्रतिमांच्या घडणीत तिचा वाटा यांची चर्चा अभ्यासकांनी केली आहे. परंतु चित्र छापखान्यातून बाहेर पडल्यानंतर त्याचे काय झाले, हा प्रश्न तुलनेने उपेक्षित राहिला. ज्या तसबिरींवर घरातील हातांनी सुईदोरा व खळ घेऊन काम केले, त्या 'मूळ' चित्रही राहिल्या नाहीत आणि निव्वळ भरतकामही ठरल्या नाहीत. दोन शाखांच्या मध्ये पडल्यामुळे त्यांना समीक्षक मिळाला नाही. ही उणीव प्रस्तुत चर्चेच्या मुळाशी आहे.

छापखाना आणि घर

रविवर्मा छापखान्याची स्थापना १८९४ साली मुंबईत झाली. रविवर्मा (१८४८–१९०६) व त्यांचे बंधू सी. राजाराज वर्मा यांनी तैलचित्रांच्या रंगीत प्रती काढून त्या सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्याचे योजिले. त्यापूर्वी, १८७८ साली, पुण्यात चित्रशाळेची स्थापना झाली होती. त्यामुळे देवादिकांच्या छापील चित्रांना महाराष्ट्रात गिऱ्हाईक तयार होते. शिळाछाप पद्धतीत गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने वा शाईने चित्र काढतात. शिळा ओली केली की चित्राचा भाग पाणी झिडकारतो आणि शाई धरतो. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा लागते. एकाच कागदावर अनेक वेळा, तंतोतंत जागेवर, छाप उमटवावी लागते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हा छापखाना जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्या ताब्यात गेला आणि पुढेही दीर्घकाळ चालला. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी काही काळ या छापखान्यासाठी काम केले होते. १९७२ सालच्या आगीत त्याची वास्तू व सामग्री भस्मसात झाली.

या प्रक्रियेचा अर्थ असा की, बाजारात येणारी लक्ष्मीची प्रत्येक प्रत दुसरीसारखीच असे. वॉल्टर बेंजामिन यांनी १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सुपरिचित निबंधात यांत्रिक प्रतिरूपणामुळे कलाकृतीचे अनन्यत्व, तिच्याभोवतीचे वलय, क्षीण होते असे प्रतिपादन केले. भारतीय घरात मात्र एक उलट व्यवहार घडलेला दिसतो. हजारोंपैकी एक असलेली प्रत घरी आली की तिला वस्त्र नेसवले गेले, दागिने घातले गेले, जाड चौकटीत बसवून काचेमागे ठेवले गेले. छापखान्याने जे अनन्यत्व काढून घेतले, ते घराने परत दिले. हे कार्य करणाऱ्यांत स्त्रियांच्या हाताचा वाटा मोठा होता. काही तसबिरी व्यावसायिक कारागिरांनीही सजविल्या. छाप्याच्या तळाशी कार्ला-लोणावळ्याच्या रविवर्मा छापखान्याचे नाव अनेकदा आढळते. वस्त्र चढविणाऱ्या हाताचे नाव कोठेही आढळत नाही.

तसबिरीचे वाचन

वस्त्रालंकृत तसबिरीची रचना ध्यानी घेण्यासाठी कमळावर उभ्या असलेल्या चतुर्भुज लक्ष्मीचे परिचित चित्र उदाहरणादाखल घेता येईल. सजविणारी व्यक्ती प्रथम छापील कागद पुठ्ठ्यावर चिकटविते. नंतर साडीच्या बाह्यरेषेबरहुकूम साटीन वा रेशमाचा तुकडा कापून तो खळीने किंवा बारीक टाक्यांनी कागदावर बसविते. काठाच्या जागी जरीची फीत येते. मुकुट, कंठी, कंबरपट्टा यांच्या जागी कलाबतू, टिकल्या व काचमणी येतात. चेहरा, हात व पावले यांना मात्र सहसा स्पर्श केला जात नाही. पाणी, कमळ, मागचा हत्ती व आकाशही बहुधा छापीलच राहतात.

येथे पहिला विचारार्ह मुद्दा उद्भवतो तो प्रकाशाचा. रविवर्म्यांच्या चित्रात साडीच्या चुण्या छायाप्रकाशाने घडविलेल्या असतात. त्या प्रकाशाची दिशा चित्रकाराने ठरविलेली असते. त्यावर खरे कापड आले की चितारलेल्या चुण्या झाकल्या जातात आणि खोलीतील दिव्याचा प्रकाश जरीवर पडू लागतो. चेहऱ्यावर चित्रातला प्रकाश आणि अंगावर घरातला प्रकाश, असे दोन प्रकाश एकाच आकृतीवर नांदतात. समई हलली की वस्त्र लकाकते, चेहरा स्थिर राहतो. शैक्षणिक तैलचित्रणाच्या कसोटीवर हा दोष ठरेल. पण ज्या भिंतीवर ही तसबीर लागणार, तेथे हीच तिची शक्ती आहे. मूर्तीपुढील दिव्याचा अनुभव ती कागदावर आणते.

दुसरा मुद्दा सीमारेषेचा. कापड कोठे थांबते यावरून हाताची जाण कळते. छातीपाशी वळलेला हात साडीच्या पुढे असल्यामुळे कापड बोटांच्या कडेकडेने कापावे लागते. हे नेमके साधले की बोटे वस्त्रातून पुढे आल्यासारखी भासतात. न साधल्यास हात कापडात बुडतो. तिसरा मुद्दा प्रमाणाचा. नेहमीच्या साडीचा काठ तसबिरीतील वीतभर आकृतीला रुंद पडतो. मोठ्या बुट्ट्यांचे कापड वापरले की देवी बाहुलीसारखी दिसू लागते. चांगल्या तसबिरींत अत्यंत बारीक पोताचे कापड आणि अरुंद फीत निवडलेली असते. याउलट आकाशात, पाण्यात, हत्तीच्या पाठीवर सर्वत्र टिकल्या पेरलेल्या तसबिरीही पुष्कळ आहेत. त्यांत चमक आहे, निवड नाही. घरगुती कलेचा गौरव करताना हा भेद पुसून टाकणे म्हणजे त्या कलेला समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचाच सौजन्यपूर्ण प्रकार होय.

ख्रिस्तोफर पिनी यांनी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारतीय छापील देवचित्रांचा इतिहास मांडताना, भक्त चित्राकडे केवळ पाहत नाही, तर देहाने त्याच्याशी संबंध जोडतो, असा विचार पुढे आणला. हा विचार मूलगामी आहे. तथापि त्याला एक पुस्ती जोडणे आवश्यक वाटते. देहाचा हा संबंध सर्व पृष्ठभागावर सारखा पसरत नाही. काय झाकायचे आणि काय उघडे ठेवायचे, याचा निर्णय प्रत्येक तसबिरीत घेतलेला असतो. डोळे कधीही झाकले जात नाहीत, कारण देवतेची दृष्टी तेथून येते. कोलाजकाराची निवड ही अशी प्रथम न चिकटविण्याची निवड असते.

मुखवटा, जिवती आणि शेंदूर

ही रचनापद्धती आली कोठून? तिचे मूळ छापखान्यात शोधण्यापेक्षा सणावारांत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. भाद्रपदातील उभ्या गौरींना मुखवटा घडविलेला वा चितारलेला असतो आणि देह साडीचा असतो. कोकणात तेरड्याच्या रोपांची गौर करून तिलाही साडी नेसविण्याची चाल आहे. चेहरा एका द्रव्याचा, देह दुसऱ्या द्रव्याचा आणि दोहोंची मिळून एक देवता, ही दृष्टी घरातील स्त्रियांच्या हाती पिढ्यानपिढ्या होती. छापील लक्ष्मी घरी आली तेव्हा तिच्या कागदी चेहऱ्याला त्यांनी मुखवट्यासारखे वागविले.

याहून लक्षणीय उदाहरण जिवतीच्या कागदाचे. श्रावणात देवघराजवळ लावल्या जाणाऱ्या या छापील पटावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती यांची चित्रे असतात. त्यावर हळदकुंकू लावतात, कापसाचे गेजवस्त्र वाहतात, आघाडा व दूर्वा यांची माळ घालतात. महिना सरता सरता कागदावर हळदीचे ओघळ, कुंकवाचे ठसे, सुकलेली पाने व कापसाचे धागे यांचा एक थर साचतो. छापील कागद, वनस्पती, सूत आणि रंगद्रव्य यांच्या या संयोगाला आजच्या परिभाषेत संमिश्र माध्यम म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. भेद इतकाच की हा कागद श्रावण संपताच उतरविला जातो. वस्त्रालंकृत तसबीर काचेमागे टिकविण्यासाठी केलेली असते. जिवतीचा पट संपण्यासाठी लावलेला असतो.

खालापूर तालुक्यातील महड हे अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे स्थान. अष्टविनायकांच्या क्षेत्री मिळणाऱ्या छापील तसबिरींत बहुधा आठही गणपतींची मुखे एकाच कागदावर, वेगवेगळ्या चौकटींत मांडलेली असतात. आठ गावे आणि अनेक दिवसांचा प्रवास वीतभर कागदावर शेजारी शेजारी येतो. ही जुळणीची कल्पना कोलाजला जवळची आहे. स्वयंभू मानल्या गेलेल्या मूर्तींवर पिढ्यानपिढ्या शेंदराचे लेप चढतात, डोळ्यांच्या जागी वेगळ्या द्रव्याचे डोळे बसविले जातात. वर चढविलेल्या द्रव्याने रूप झाकले जात नाही, ते सिद्ध होते, ही धारणा या सर्व उदाहरणांना समान आहे.

पाश्चात्य कोलाजशी तुलना

१९१२ साली पिकासो यांनी वेताच्या विणीची नक्कल छापलेले मेणकापड एका स्थिरचित्रात चिकटविले आणि चित्राला दोराची कड लावली. त्याच वर्षी ब्राक यांनी लाकडाच्या रेषांची नक्कल असलेला भिंतीचा कागद चित्रात वापरला. १९१९ पासून कुर्ट श्विटर्स यांनी तिकिटे, वेष्टने, फेकलेले कागद यांतून आपली स्वतंत्र सृष्टी उभी केली. येथे 'आमच्याकडे हे आधीच होते' असा दावा करण्याचा मोह टाळला पाहिजे. इंग्लंडमध्येही मेरी डिलेनी यांनी १७७२ पासून, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागदांचे कपटे चिकटवून फुलांची चित्रे करण्यास आरंभ केला होता. अग्रक्रमाचा वाद निष्फळ आहे. हेतूचा भेद महत्त्वाचा आहे.

क्युबिस्ट कोलाजमध्ये चिकटविलेला तुकडा चित्राच्या भ्रमाला तडा देतो. हे चित्र म्हणजे अखेर एक सपाट पृष्ठभाग आहे, याचे तो स्मरण देतो. वस्त्रालंकृत तसबिरीत चिकटविलेले कापड भ्रमाला पुढे नेते. चित्रातील साडी प्रत्यक्ष साडी होते. एकात प्रश्न आहे, दुसऱ्यात उपचार आहे. तरीही दोहोंत एक साम्य उरते. चिकटविलेली वस्तू चित्राचा भाग होऊनही स्वतःची ओळख सोडत नाही. मेणकापड मेणकापडच राहते आणि लक्ष्मीच्या अंगावरचे रेशीमही रेशीमच राहते. ते कोणाच्या जुन्या वस्त्रातून कापलेले असेल तर घरच्यांना ते ओळखूही येते. वस्तूचे हे दुहेरी अस्तित्व कोलाजचा प्राण होय. ज्या रचनेत वस्तू केवळ पोत वा रंग म्हणून उरते, तेथे कोलाजचे तंत्र असते, कोलाज नसते.

रायगड जिल्ह्यातील नागाव येथे जन्मलेले चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचा दाखला येथे उद्बोधक ठरतो. घड्याळ, पान, पाकीट यांसारख्या साध्या वस्तू त्यांनी चित्रावकाशात एकाकी ठेवल्या आणि त्यांना अर्थाच्या नेहमीच्या साखळीतून सोडविले. 'कोरा कॅनव्हास' (१९९०) या पुस्तकात त्यांनी आपला कलाविचार मराठीतून मांडला. बरवे वस्तू चितारतात. कोलाजकार ती उचलून आणतो. चितारलेली वस्तू चित्रकाराची होते, उचललेली वस्तू आधी कोणाची तरी असते. हा मालकीचा व स्मृतीचा मुद्दा आजच्या संमिश्र माध्यमाच्या कलेला निर्णायक ठरतो.

जुन्या कागदाचा प्रश्न

गेल्या काही दशकांत 'व्हिंटेज' कागद हे कलाव्यवहारातील प्रिय द्रव्य झाले आहे. पिवळी पडलेली पत्रे, मुद्रांक कागद, पावत्या, पोथ्यांची सुटी पाने, जुनी छापील चित्रे रद्दीतून व जुन्या बाजारातून विकत घेतली जातात आणि कापून कलाकृतीत वापरली जातात. कर्जत व खालापूर परिसरात मुंबई-पुण्याच्या सान्निध्यामुळे शेतघरे व विश्रामस्थाने वाढली आणि त्यांच्या भिंतींसाठी 'जुने' दिसणाऱ्या वस्तूंना मागणी आली. खालापूर तालुक्यातच, चौकनजीक, कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ साली चित्रनगरी उभारली. तेथील किल्ले व महाल प्लायवूड आणि प्लास्टर यांतून घडविलेले; त्यांचे जुनेपण बनविलेले असते, हे सर्वांस ठाऊक असते. त्यात कोणाचे काही हरवत नाही. कोलाजमधील जुना कागद मात्र खरोखरच जुना असतो आणि कात्री लागताच तो परत येत नाही.

या कागदांचे स्वरूप पाहिले पाहिजे. हातकागदावर काळ्या शाईने बोरूने लिहिलेले मोडी कागद शतके टिकलेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वापरात आलेला लाकडाच्या लगद्याचा यंत्रनिर्मित कागद मात्र स्वतःतील आम्लामुळे पिवळा व ठिसूळ होतो. कलाकाराला ज्याचे आकर्षण वाटते तो पिवळेपणा ही वस्तुतः कागदाच्या ऱ्हासाची अवस्था आहे. पिठाच्या खळीने चिकटविलेला कागद पाण्याने सोडविता येतो, म्हणून बांधणीकार ती वापरीत आणि किडीपासून रक्षणासाठी तीत मोरचूद घालीत. आजचे कृत्रिम गोंद एकदा वाळले की कागद अखंड सुटत नाही. जरीतील तांबे दमट हवेत हिरवट डाग सोडते. घाटपायथ्याच्या पावसात काचेला टेकलेल्या चित्राला बुरशी धरते. जुन्या तसबिरींची दुरुस्ती करताना कापड काढून 'मूळ रविवर्मा' स्वच्छ करण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. परंतु तसे केल्यास हजारोंपैकी एक प्रत हाती येते आणि जी एकमेव होती ती नष्ट होते.

लिखित कागदाचा प्रश्न याहून गंभीर आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी लिपी शिक्षणातून व दफ्तरांतून मागे पडली आणि बहुसंख्य मराठी वाचकांना ती नक्षीसारखी दिसू लागली. न वाचता येणारे अक्षर सुंदर पोत वाटते. ते कापताना हात अडत नाही. पण तोच कागद खरेदीखत, खंडाची पावती वा वाटणीपत्र असू शकतो. १९४८ च्या कुळकायद्याखालील हक्क, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या भागातील कातकरी व ठाकर कुटुंबांना द्यावे लागणारे वहिवाटीचे पुरावे, यांसाठी जुन्या कागदाच्या एका कपट्यालाही मोल आहे. २०२३ साली राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी दस्तऐवज वाचणाऱ्यांची निकड एकाएकी सर्वांच्या ध्यानी आली. 'जिल्हा कुलाबा' असा शिक्का असलेला कागद तर, १९८१ साली जिल्ह्याचे नाव रायगड झाल्यामुळे, आपल्या शिक्क्यानेच आपला काळ सांगतो. कलाकाराच्या टेबलावर तो शोभेचा तुकडा असतो. एखाद्या घराच्या दृष्टीने तो जमिनीचा शेवटचा दाखला असू शकतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. वस्त्रालंकृत तसबीर व जिवतीचा पट ही छापील कागद आणि इतर द्रव्ये यांच्या संयोगातून सिद्ध होणारी संमिश्र माध्यमाची रूपे आहेत. प्रकाश, सीमारेषा, प्रमाण आणि उघडे ठेवण्याची निवड या निकषांवर त्यांची समीक्षा करता येते. त्यांतील चांगले व सामान्य यांत भेदही करता येतो.

२. या घरगुती परंपरेत छापील चित्राला काही जोडले जाई, त्याची ओळख पुसली जात नसे. लक्ष्मीला वस्त्र नेसविणारा हात लक्ष्मी कोण हे जाणत होता. जुन्या कागदाच्या आजच्या कोलाजला हा निकष लावल्यास, आपण काय कापत आहोत हे कलाकाराने कापण्यापूर्वी जाणून घेतले आहे काय, हा पहिला प्रश्न ठरतो.

३. लिखित कागद वाचून घेणे, त्याची प्रतिमा जतन करणे, शक्यतो मूळ कागदाऐवजी त्याची प्रत वापरणे, सुटू शकेल अशी खळ वापरणे आणि तुकडा कोठून आला याची नोंद कलाकृतीच्या पाठीमागे करणे, ही बंधने कलेच्या स्वातंत्र्याला बाधक नाहीत. त्यांच्यामुळे चिकटविलेली वस्तू पोत होऊन विरण्याऐवजी वस्तू म्हणून कलाकृतीत उरते.

महाविद्यालयांतील मराठी, इतिहास व कला या विभागांना येथे एकत्र काम करण्यास वाव आहे. मोडीचे वर्ग आणि कोलाजची कार्यशाळा एकाच वेळापत्रकात बसू शकतात. आपल्या घरच्या माळ्यावरील गाठोडे विद्यार्थ्याने आधी वाचावे, मग त्याची प्रत काढावी आणि त्या प्रतीला कात्री लावावी. मूळ कागद परत गाठोड्यात जावा. ज्या अनाम स्त्रियांनी छापील देवीला वस्त्र नेसविले, त्यांनी तिचा चेहरा कधी झाकला नाही. जुन्या कागदाशी वागतानाही एवढे भान पुरेसे आहे.